हलायचं नाही

"हलायचं नाही हं, मावशी. श्वाससुद्धा नंतर घ्या."

धनेशने तिपाईवर कॅमेरा बसवला होता. समोर नवघरच्या मिठागरात शेवंती डोक्यावर मिठाची पाटी घेऊन उभी. रिकामी पाटी घेते, असं ती आधी म्हणाली होती. "खोटं फोटोत लगेच कळतं," म्हणत त्याने ती काठोकाठ भरायला लावली.

एका फोटोसाठी तीन काढायचे. एक काळपट, एक बरा, एक पांढराफटक. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकावर एक बसवायचे, की ढगन् ढग आणि मिठाचा कणन् कण उठून दिसतो. ऑर्कुटवर त्याच्या असल्या फोटोंना नुसती वाहवा मिळायची. केबिन रोडवरचा त्याचा स्टुडिओ पासपोर्ट फोटोंवर चालतो, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

शेवंतीला एकच फोटो हवा होता. तिचा नवरा राघो गेला तेव्हा घरात त्याचा एकही फोटो निघाला नाही. तेराव्याला पाटावर सुपारी मांडली आणि तिलाच हार घातला. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी सुपारी! ते तिच्या काळजाला लागलं होतं. आपल्या मागे नातवंडांना तोंड तरी दिसावं, म्हणून ती उभी राहिली.

"हललात. परत."

सातव्यांदा तो 'परत' म्हणाला तेव्हा पाटीखालची चुंबळ भिजून खारं पाणी तिच्या डोळ्यांत उतरत होतं. पुसायची सोय नव्हती.

"मानंला कळ लागली रं, बाला."

"सूर्य काय माझ्या बापाचा नोकर आहे? थांबणार नाही तो. एकदाच."

आठवड्याने ती केबिन रोडला गेली. ठेवणीतलं लुगडं नेसून गेली, जणू फोटो आजच काढायचा होता. धनेशने मोठा फोटो काउंटरवर ठेवला. लग्नाच्या मांडवासारखं जांभळं आभाळ, सोनेरी पाणी, झळझळीत मिठाच्या राशी. जन्म तिथे गेला, पण असलं आगर तिने कधी पाहिलं नव्हतं.

"आन मी कुठं हाय?"

"हललात ना तुम्ही! तीन-तीन डोकी आली, भुतासारखी. पुसून टाकलं." त्याने राशीकडे बोट दाखवलं. "हे मीठ बघा. जरा तरी हललं का?"

"तिन्हीतला येक तरी दे. कसला बी चालंल."

"ते उडवले. उगाच जागा खातात. हा घ्या ना, फुकट दिलाय."

राशींच्या मधोमध, जिथे ती उभी होती, तिथे आता सपाट पाणी चमकत होतं. शेवंतीने त्यावर हळूच बोट टेकवलं.

"हात नका लावू, मावशी," धनेश म्हणाला. "डाग पडतात."