ॲव्हरेज किती देते?

गाडी विकत घ्यायला आलेला बेकरीवाला आत बसला, त्याने किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही.

"अरेरे," अप्पा म्हणाले. बॅटरीची वायर त्यांनी सकाळी स्वतःच ढिली करून ठेवली होती, त्यामुळे अरेरे जरा लवकरच आलं.

"असं कधी होत नाही हो," गाडीचे कागद छातीशी धरून उभी असलेली लेक म्हणाली. "चौदा वर्षांत एकदाही नाही."

"वय झालं," अप्पा म्हणाले. मग घाईने पुढे जोडलं, "गाडीचं."

लेकीने गाडी विकायला काढली, त्यात तिची चूक नव्हती. मागच्या आठवड्यात अप्पा एका फळवाल्याच्या लाल छत्रीला सिग्नल समजून अकरा मिनिटं थांबले होते. पेट्रोल जळू नये म्हणून इंजिन बंद करून. फळवाल्याने छत्री मिटली तेव्हा निघाले आणि घरी येऊन म्हणाले, हल्ली सिग्नल फार वेळ लावतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद म्हणून लिहून दिलं. अप्पांचं म्हणणं, गाडीला दिसतंय तोवर काळजी कशाला.

"ॲव्हरेज किती देते, काका?" बेकरीवाल्याने खिडकीतून विचारलं.

या प्रश्नाची तयारी अप्पांनी तीन दिवस आरशासमोर केली होती. नऊ म्हणायचं. एवढ्याशा गाडीचं नऊ ऐकून कुणीही पळत सुटेल. त्यांनी तोंड उघडलं.

"बावीस पूर्णांक चार," तोंड म्हणालं. "एसी लावून."

अप्पांना स्वतःच्याच तोंडाचा राग आला. पण आता ते गाडीसारखं हातात राहिलं नव्हतं.

बेकरीवाल्याने परत किल्ली फिरवली. शांतता. तो उतरला, टायरवर एक लाथ मारली. "राहू द्या, ताई. बंद गाडीचं बावीस काय नि बत्तीस काय. भंगारात घाला हा डबा."

आणि तो निघाला. अप्पा जिंकले होते. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि तो फाटकापर्यंत पोचेतो ते बसलेही.

"डबा?"

"अप्पा, जाऊ दे," लेक म्हणाली.

अप्पांनी बॉनेट उघडलं. आत त्यांना फक्त काळोख दिसत होता, पण हात थेट वायरवर गेला. दोन पिळे दिले. "या इकडे. मारा आता."

गाडी अर्ध्या किल्लीत चालू झाली. आवाज एवढा मऊ की बेकरीवाल्याने खात्री करायला बॉनेटवर तळहात ठेवला.

"चुकलो, काका. हिरा आहे."

"हिराच आहे," अप्पा म्हणाले, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

लेकीने त्यांच्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग बॅटरीकडे. तिला सगळं कळलं. "अप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "नाही म्हणू का त्यांना?"

बेकरीवाला वाट बघत उभा होता. इंजिन एका लयीत चालू होतं, कुठे खरखर नाही, थरथर नाही. नाही म्हणायला इंजिनाने एकही कारण ठेवलं नव्हतं.

"कागद दे त्यांना," अप्पा म्हणाले.

पाच मिनिटांत सह्या झाल्या. गाडी फाटकाबाहेर पडली तशी अप्पांच्या डोळ्यांसमोर एक पांढरा डाग उरला, मग तोही नाही. आवाज मात्र स्पष्ट येत होता. पहिला. दुसरा. बेकरीवाला दुसऱ्यातच रेटत होता.

"तिसरा टाक," अप्पा पुटपुटले.

इंजिन ओरडायला लागलं. अप्पांनी रस्त्यावर उभ्या उभ्या डावा पाय दाबला, हाताने हवेतला गिअर पुढे सरकवला, आणि कान देऊन थांबले. गाडी दुसऱ्यातच ओरडत वळणाआड गेली.