धनाजीनं लांबवलेला किल्ला

"ही तोफ बघितली का?" धनाजीनं विचारलं, आणि सहलीतली पोरं एका सुरात ओरडली, "मघाशीच बघितली की काका! दोनदा!"

पोरांचं बरोबर होतं. परंड्याचा किल्ला दाखवायला धनाजीला एरवी दीड तास पुरायचा. आज नाताळची सुट्टी, ऊन कोवळं, आणि सव्वादोन तास झाले तरी त्यानं कुणाला दरवाजाबाहेर सोडलं नव्हतं. मेलेल्या सरदारांना त्यानं नवीन लढाया लावून दिल्या. विहिरीला एक भुयार जोडलं. ते थेट सोलापूरला निघतं म्हणून ठोकून दिलं. कारण एकच, ज्ञानेश्वरी अजून आली नव्हती.

लेक पुण्याहून सकाळी निघणार होती. कुर्डुवाडीकडून दोन गाड्या येऊन गेल्या. फोन वाजत होता, ती उचलत नव्हती. आणि जिच्यासाठी ही सगळी धडपड, ती सोयरीक समोर उभी होती.

भूमची धुळाप्पा आणि हरणाबाई ही जोडी, मुलाचे आईबाप. मध्यस्थ कोंडीरामानं कालच धनाजीला गाठून सांगितलं होतं, "सहलीच्या माणसांत मिसळून येणारेत. वळख न देता माणूस पारखायचंय त्यांला. तू बी वळख दाखवू नको. मुलगा पुण्यात नोकरीला हाय, हातचं घालवू नको. आन् ते पहिलं परकरण तोंडातनं काढू नको, सांगून ठेवतो."

दोघांना हुडकायला वेळ लागला नाही. बाकी सगळे सोलापूरच्या एका शाळेतले मास्तर आणि त्यांची पोरंबाळं, डोक्याला लाल टोप्या घातलेली. ही दोघंच फेट्यात नि इरकल लुगड्यात. तोफेपेक्षा त्यांची नजर धनाजीवरच जास्त. त्यात एका पोरीनं आपली लाल टोपी धनाजीच्या डोक्यावर चढवली. व्याह्यांपुढं असं सोंग घेऊन उभं राहायचं कुणाच्या नशिबी येऊ नये; पण काढली तर पोरगी रडेल, म्हणून त्यानं ती तशीच ठेवली.

पहिलं प्रकरण म्हणजे ज्ञानेश्वरीचं पहिलं लग्न. आठ महिने टिकलं. नवरा हात उचलायचा. एका पहाटे ती अनवाणी माघारी आली. फारकत झाली, ती नर्सिंग शिकली, पुण्याच्या दवाखान्यात लागली. त्यानंतर पाच स्थळं आली आणि तेवढं एक वाक्य ऐकून उठून गेली. पाचवी मंडळी तर चहा अर्धा ठेवून. आपल्यामागं पोरीला कोण, या विचारानं धनाजीचा जीव तीळतीळ तुटायचा.

परवा फोनवर ती म्हणाली होती, "आण्णा, या डावाला समदं खरं सांगा. माझ्यावर जे झालं त्याची लाज मला न्हाय. तुमाला का वाटावी?"

"सांगतो की," तो म्हणाला होता.

विहिरीपाशी हरणाबाई त्याच्याजवळ आल्या. "भाऊ, घरी कोण कोण असतं?"

"म्या आन् माझी लेक, तिशीची हाय. मंडळी जाऊन नऊ वर्सं झाली."

"लेकीचं लगीन झालंय का?"

"न्हाय ताई."

शब्द निसटला. हरणाबाई विहिरीच्या काठाशी गेल्या. पाण्यात वाकून बघत राहिल्या.

बुरुजावर चढताना त्यांनी पुन्हा विषय काढला. "तिशीची लेक म्हणता. मग आधी कुठं जमून मोडलं-बिडलं का? आसंल तर आसंल. आमच्या भावकीत बी झालंय तसं."

"छे छे, ताई. शिकत व्हती ना, म्हणून ऱ्हायलं."

पुढं चाललेले धुळाप्पा खाकरले आणि खाली मान घालून पायऱ्या चढू लागले. धनाजीला वाटलं, गडी दमला असेल.

शेवटी मास्तरांनीच कंटाळून दरवाजापाशी केक कापला. पोरांनी टाळ्या पिटल्या. धनाजीच्या हातावर तुकडा आला, तो त्यानं तसाच धरून ठेवला. त्याचे डोळे रस्त्याकडं लागले होते. सगळं हातातून चाललं होतं.

हरणाबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. सख्ख्या बहिणीनं ठेवावा तसा. "भाऊ, शेवटचं इचारते. लेकीला कवा काय सोसावं लागलंय का? काय बी आसू द्या. बोला."

धनाजीच्या ओठांवर सगळं आलं. ती पहाट, ते अनवाणी पाय, सुजलेला गाल. सांगून टाकावं, मोकळं व्हावं, असं त्याला फार फार वाटलं. मग त्याला ते अर्धे चहाचे कप दिसले.

"न्हाय ताई," तो म्हणाला. "लई लाडात वाढली. तिला कशाची झळ म्हणून लागू दिली न्हाय म्या."

हरणाबाईंनी हात काढून घेतला. त्यांचे डोळे भरले होते. धनाजीचा धीर सुटला. ओळख दाखवायची नाही हे तो पार विसरला, लाल टोपीनिशी हात जोडून उभा राहिला.

"जाऊ नका, पाया पडतो! पलीकडचा बुरूज ऱ्हायलाय अजून. लेक येईलच एवढ्यात. एकडाव तिचं तोंड बघा, मग काय ते ठरवा."

हरणाबाईंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला. पलीकडून पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"ज्ञानेश्वरी, उतरू नको बाळा, गाडीतच बस," त्या म्हणाल्या. "तू सांगितलं व्हतंस तसं तुझ्या पहिल्या लग्नाचं तीनदा इचारलं. आण्णा तिन्ही डाव न्हायच म्हणाले."