माईकच्या मागे

चिमणाबाईंनी तंबोरा छेडला आणि जुनं ध्रुपद उचललं. समोर जेवणाच्या डब्याएवढा थोराड माईक. त्र्यंबकनं तो कोल्हापुरातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणला, स्वतः दुरुस्त केला, बाईंचं गाणं टेपवर घ्यायला मशीनला जोडला आणि हेडफोन दिला लेकीच्या, अस्मिताच्या हाती. दहावीतली अस्मिता नुसती हवेत! बाई जणू तिच्याच कानात बसून गात होत्या. रुखरुख एकच. गुरूंनी दिलेली एक चीज बाई कुणालाच ऐकवायच्या नाहीत. "ती माझ्यासंगं जाणार. यंत्राला न्हाय देणार," सकाळीच त्यांनी बजावलं होतं.

गाणं रंगात आलं आणि हेडफोनमध्ये कुजबुज उमटली.

"सोमवारी आईच्या गळ्यातली गाठ काढणार. आवाज जाणार म्हणं, कायमचा."

"मग आईस्नी सांगूया की."

"गप! नुसती तपासणी हाय म्हणून सांगितलंय."

अस्मितानं दचकून वर बघितलं. माईकच्या मागे, भिंतीला टेकून बाईंचा मुलगा सयाजी आणि सून लीला बसली होती. सभेतल्या माईकला मागचं ऐकू येत नाही, म्हणून दोघं बिनघोर. हा जुना माईक मात्र पुढचं-मागचं सारखंच ऐकायचा.

गाणं संपलं. "ऐकव की गं," बाई म्हणाल्या.

"टेप... टेप अडकलीया, आजी."

"अडकली? माझ्या मशीनवर?" त्र्यंबकनं ऐटीत टेप मागं फिरवली आणि हेडफोन बाईंच्या कानांवर चढवलासुद्धा.

बाई खुशीत मान डोलवत होत्या. डोलता डोलता मान थांबली.

"कसं आलंय, आई?" सयाजीनं हसून विचारलं.

"समदं आलंय." बाईंनी हेडफोन उतरवला. "सयाजी, तू फुडं येऊन बस. मागं नगं."

सयाजीचं हसू तसंच ओठांवर राहिलं. लीलानं पदर तोंडात कोंबला.

बाई अस्मिताकडे वळल्या. "पोरी, नवी टेप लाव. ती चीज घे."

"देताय?" त्र्यंबक उडालाच. त्यानं झटक्यात टेप बदलली. "अस्मे, दाब की बटण! बघत काय बसलीस?"

अस्मिताचं बोट तांबड्या बटणावर होतं. ते काही केल्या खाली जाईना.

चिमणाबाईंनी तंबोरा सावरला, हात लांबवला आणि तिच्या बोटावर आपलं बोट ठेवून बटण दाबलं.