स्वच्छ उच्चार

“जीभ वर,” परिचारिका म्हणाली. मुलीने जीभ उचलली, गोळी खाली बसली, तोंड मिटले. आता ती विरघळेपर्यंत गिळायचे नाही, बोलायचे नाही. परिचारिका पुढच्या रुग्णाकडे वळली. नियमानुसार घरचे एक माणूस समोर बसे. त्या खुर्चीत वडिलांनी घसा खाकरला.

ते वक्तृत्वाचे निवृत्त शिक्षक. उलट उत्तर न देणारा श्रोता त्यांना घरी कधी लाभला नव्हता; उपचारकेंद्राने तो रोज सकाळी आयता दिला होता.

“पाठीच्या ऑपरेशननंतर वेदनाशामकांच्या नादी लागलीस. ते सुटलं म्हणावं, तर ही गोळी. चोर गेला आणि त्याचा भाऊ घरजावई झाला!”

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावले होते: ही गोळी ओढ थोपवते. मध्येच सोडली तर ओढ परतते, शरीराची जुनी सहनशक्ती मात्र परतत नाही. एकेकाळी पचलेली मात्रा मग जीव घेते. वडिलांनी मान डोलावली होती. पटले काहीच नव्हते.

“कधी सोडणार?” ते रोज विचारत.

“अं… लौकल…”

“बोबडं बोलू नकोस.”

एका सोमवारी त्यांनी पुन्हा तेच विचारले. मुलीने रुमालाने ओठ टिपले आणि रुमाल मुठीत आवळला.

“आजपासून सोडली, बाबा. तुमच्यासाठी.”

प्रत्येक व्यंजन सुटे, स्वर मोकळा. त्यांच्या वर्गात पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जपून, व्रणाला धक्का न लावता. “शोभतेस खरी माझी लेक!”

त्यानंतर टोमणे थांबले. केंद्रात परिचारिका वळली की रुमाल रोज ओठांशी जाई, आणि सकाळची ती वेळ दोघे हवापाण्यावर बोलत बसत.

महिन्याभराने न्हाणीघराचे दार फोडावे लागले.

“तिच्या रक्तात आमच्या गोळीचा अंशही नाही,” डॉक्टर म्हणाले. “जुनं वेदनाशामक आहे. पूर्वी घ्यायची तेवढंच. तुम्ही तर रोज समोर बसत होतात ना?”

“एक दिवस चुकवला नाही,” वडील म्हणाले. “शेवटी शेवटी तर आम्ही किती छान गप्पा मारायचो.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो पुसायचे ते विसरले.

“काका, ती बोलत नाही ना, एवढंच बघायला तुम्हाला तिथं बसवलं होतं.”