दुसरं जावळ

२०७० साली एकसष्ट वर्षांच्या मुकुंदराव सोनटक्क्यांनी दवाखान्यातल्या आरशापुढे डोक्यावरून हात फिरवला आणि ते खुदकन हसले. कालपरवापर्यंतच्या तुळतुळीत टकलावर तान्ह्या बाळासारखं मऊ, भुरभुरतं जावळ आलं होतं.

"तुमच्या जन्माच्या वेळी साठवलेलं नाळेचं रक्त टोचलं ना, म्हणून केसही पहिल्यापासून सुरू झाले," डॉक्टर शेख म्हणाल्या. "हे एकदा काढा, म्हणजे दाट येतील."

मुकुंदरावांनी लगेच कराडला मामांना फोन लावला. साठ वर्षांपूर्वी एसटी चुकली आणि मामा भाच्याच्या जावळाला पोचले नव्हते. पुढे तिशीतच भाच्याला टक्कल पडलं. "मामाची मांडी मिळाली नाही, त्याचं हे फळ," असं आई शेवटपर्यंत भावाला ऐकवत राहिली. बिचाऱ्या मामांनाही ते खरंच वाटत आलं होतं.

या खेपेला नव्वदीचे मामा आदल्या दिवशीच येऊन बसले. सकाळी न्हावी आला.

"मामा, मी शेजारी बसतो."

"गप. मांडीवर बस."

"अहो, ब्याऐंशी किलो आहे मी!"

"मग निदान डोकं तरी ठेव."

मुकुंदराव सतरंजीवर आडवे झाले आणि त्यांनी मामांच्या मांडीवर डोकं टेकवलं. कात्री चालली. मामांनी पहिली बट उपरण्यात झेलली आणि भिंतीवरच्या बहिणीच्या फोटोकडे पाहिलं.

"अक्के, पोचलो बघ. आता तरी बोल लावू नकोस."

दोन महिन्यांत मुकुंदरावांना दाट केस आले. ते औषधानं नव्हे, मांडीनं आले, असं मामा अजून सगळ्या कराडला सांगत फिरतात.