अडकलेली हवा

तापमानाचा काटा तळाशी. हीटरमधून गार वारा. रेडिएटरच्या झाकणावर मुलाचा हात. ट्रकच्या केबिनमध्ये बसलेल्या मेकॅनिक आईनं तिन्ही तुकडे जोडले. पाइप बदलून, पाणी भरून इंजिन केव्हाच चालू केलं होतं. हीटर गार, म्हणजे पाण्याच्या वाटेत हवा अडकलेली. तापमान मोजणारा सेन्सर पाण्याऐवजी त्या हवेत, म्हणून काटा खोटं बोलत होता. झाकणाखाली पाणी उकळत होतं. "हात काढ!" ती ओरडली. बंपरवर चढलेला मुलगा काचेपलीकडून हसला. "काटा बघ की, आई! गारठलंय इंजिन." झाकण फिरू लागलं. तिनं हॉर्न दाबला, तो दचकला, त्याचा हात सुटला. झाकण उडालं, वाफेनं काच पांढरी झाली. तिनं वायपर लावला. बंपरवर कोणीच नव्हतं. खालून त्याचा आवाज आला, "कान फुटले माझे!" तो कर्कश हॉर्न बसवल्याबद्दल तिनं सकाळीच त्याला झापलं होतं.