लिंपण

वास्तुरचनाकार आसिताननं मालीतल्या बामाको शहरातल्या गरिबांसाठी आखलेली पहिलीच घरं उभी राहिली होती. मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांची, स्वस्त, थंडगार. ती पाहायला आली, तेव्हा न्येलेआजी भोपळ्याच्या वाडग्यानं आपल्या नव्या घराच्या भिंतीवर पाणी ओतत होती. आसितान हसली. “पावसातसुद्धा विरघळायची नाही ती, आजी. दरवर्षीचं लिंपण सुटलं.” आजीनं वाडगा खाली ठेवला. “माझा थोरला माझ्याशी बोलत नाही, पोरी. पण पावसाळ्याआधी आईचं घर लिंपलं नाही, तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून येतो. मुकाट्यानं लिंपतो, माझ्या हातचा शेंगदाण्याचा रस्सा खातो, जातो. आता कशाला येईल?” संध्याकाळी आसिताननं गवंड्याला आजीच्या अंगणाची भिंत निव्वळ मातीची बांधायला सांगितलं. तो चक्रावला. “ताई, सिमेंटाशिवाय दर पावसाळ्यात झिजेल ही.” “झिजू दे,” आसितान म्हणाली.